शेवट सांगायचा की नाही?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की रोजची मालिका चालू राहावी म्हणून लिहितात आणि मिनीसिरीज संपावी म्हणून. त्या एका वाक्यावरून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर प्रश्नोत्तरांनाच देऊन टाकलं: आधी पत्रातला प्रश्न, त्याखाली माझं उत्तर. मी बावीस वर्षं टीव्हीसाठी लिहिते आहे. पहिली नऊ वर्षं रोजच्या मालिकांत गेली. सोमवारी दिसणारा एपिसोड कधी कधी शनिवारी रात्री लिहून व्हायचा. मिनीसिरीज आजवर निर्मात्यांना चौदा ऐकवल्या, तीन पूर्ण लिहिल्या, पडद्यावर दोन आल्या. तेव्हा या उत्तरांत नकारांचा अनुभव जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ताई, माझे सहाच्या सहा एपिसोड लिहून तयार आहेत. एकूण ३४० पानं. नोकरी सांभाळून दोन वर्षं लागली. आता ही फाइल कुणाला पाठवू? सोबत 'बायबल' मागतात म्हणे. सगळं लिहून झाल्यावर ते कशाला?

दोन वर्षं नोकरी करून ३४० पानं लिहिलीत, त्याला आधी नमस्कार. आता वाईट बातमी. ही फाइल कुणी उघडणार नाही. पटकथेच्या नेहमीच्या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. म्हणजे तुम्ही एका अनोळखी माणसाकडे साडेपाच तासांहून जास्त वेळ मागताय, आणि त्याच्या टेबलावर तुमच्यासारख्या तीस फायली पडल्या आहेत.

आधी गोष्टीचा सारांश सांगणारं एक पान पाठवा. ते आवडलं तर तो स्वतःहून विचारेल, 'अजून काय आहे?' मग पहिला एपिसोड आणि बायबल. उरलेले पाच एपिसोड तुमच्याकडेच राहू द्यात. ते वाया गेले असं समजू नका. पूर्ण गोष्ट लिहिलेल्या माणसाचं बायबल आणि नुसत्या कल्पनेवर तरंगणाऱ्या माणसाचं बायबल यातला फरक दुसऱ्या पानावरच कळतो.

बायबल म्हणजे तुमच्या मालिकेची एका जागी बांधलेली ओळख. माझं पहिलं बायबल ६४ पानांचं होतं. त्यात नायकाच्या आजोबांचा व्यवसाय होता, घराच्या फाटकाचा रंग होता, गावाचा नकाशासुद्धा मी हाताने काढून जोडला होता. चौथ्या एपिसोडमध्ये काय होतं, ते मात्र कुठेच नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं. नमनालाच घडाभर तेल ओतून झालं होतं.

आता माझं बायबल दहा-बारा पानांत आटोपतं. पहिल्या पानावर पूर्ण गोष्ट एका दमात, शेवटासकट. मग मुख्य पात्रं, प्रत्येकाला अर्धं पान. जन्मतारीख आणि आवडता रंग नको. त्याला काय हवं आहे आणि तो कुणाशी काय खोटं बोलतो, एवढं आलं की पात्र उभं राहतं. त्यानंतर प्रत्येक एपिसोडला पाऊण ते एक पान. मग ही मालिका दिसेल कशी, ऐकू कशी येईल याचं एक पान. इथे बहुतेक जण 'वास्तववादी तरीही भावस्पर्शी' असं काहीतरी लिहून मोकळे होतात. त्यातून कुणाला काही दिसत नाही. मी एकदा लिहिलं होतं: 'या मालिकेत कुणी ओरडत नाही. सगळ्यात मोठं भांडण बंद गाडीत होतं, काचा वर असताना, आणि आपण ते बाहेरून बघतो.' बैठकीत त्या दोन ओळींवर दहा मिनिटं बोलणं झालं. शेवटचं पान तुमच्याबद्दल: ही गोष्ट तुमच्याकडे कशी आली.

चित्रांचा डेक, म्हणजे मालिका कशी दिसेल ते दाखवणाऱ्या स्लाइड्स, हल्ली सगळेच करतात. करा, पण त्यात प्रसिद्ध नटांचे फोटो चिकटवू नका. त्या नटाने त्याच निर्मात्याला गेल्या आठवड्यात नाही म्हटलं असेल, तर तुम्हाला ते कुठून कळणार?

पान पाठवण्याआधी एक करून बघा. ते घरातल्या किंवा ओळखीतल्या एकाला वाचायला द्या, परत घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला गोष्ट सांगायला लावा. तो जे विसरला ते पानावरून काढून टाका. त्याने जे स्वतःच्या मनाने घातलं, ते मात्र नीट लिहून घ्या. माझ्या दुसऱ्या मालिकेतला एक अख्खा एपिसोड अशा चुकीच्या आठवणीतून आला आहे.

माझी नायिका कोर्टात लघुलेखिका आहे. १९ वर्षांपूर्वी तिने एका साक्षीतला एक शब्द बदलला आणि एक माणूस तुरुंगात गेला. आता तो सुटला आहे आणि त्या साक्षीची नक्कल मागायला येतो. मी आठ एपिसोड ठरवले आहेत, कारण ओटीटी प्लॅटफॉर्मवर आठच चालतात असं ऐकलं. शेवट मुद्दाम खुला ठेवला आहे. लॉगलाइन, म्हणजे एका वाक्यातली गोष्ट, अशी: 'सत्य आणि असत्याच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या एका स्त्रीचा स्वतःच्या शोधाचा प्रवास.' कशी वाटते?

गोष्ट वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. लॉगलाइन वाचून परत मागे रेलले.

तुमची ही लॉगलाइन उचलून दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर ठेवा, चपखल बसेल. हीच तिची खोड. तुमच्याकडे कोर्ट आहे, वही आहे, सुटून आलेला माणूस आहे, आणि लॉगलाइनमध्ये यातलं एकही नाही. वर 'प्रवास' आहे. 'प्रवास' हा शब्द पंधरा मिनिटांत तीनदा आला की ऐकणारा मोबाइल बघायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मला सांगा, तो शब्द कोणता? तुमच्या सहा पानी पत्रात सगळं आहे, एवढंच नाही. सगळी मालिका त्या शब्दावर उभी आहे. मी विचार करत बसले आणि मला 'बहुतेक' सुचला. साक्षीदार म्हणाला, 'बहुतेक तोच होता.' तिने टाइप केलं, 'तोच होता.' तिने शब्द बदललाही नाही, नुसता गाळला. चार अक्षरं गेली आणि एका माणसाची १९ वर्षं गेली. तुम्हाला याहून चांगला शब्द सापडला तर तो घ्या, पण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग लॉगलाइन अशी काहीशी होईल: '१९ वर्षांपूर्वी साक्षीतला "बहुतेक" हा एक शब्द गाळून जिने एका माणसाला तुरुंगात पाठवलं, त्या लघुलेखिकेच्या टेबलापुढे तो माणूस निवृत्तीला ११ दिवस उरले असताना साक्षीची नक्कल मागायला येतो, मूळ शॉर्टहँडची वही अजून तिच्या कपाटात आहे.' ३४ शब्द झाले. निवृत्तीचे ११ दिवस मी पदरचे घातले, कारण तुमच्या गोष्टीत घड्याळ नव्हतं. घड्याळ नसलं की नायिका विचार करत बसते. तुमचीही बसली आहे. चौथ्या एपिसोडमध्ये ती विचार करते, पाचव्यात घाबरते, सहाव्यात वही पुन्हा काढून बघते.

आठ एपिसोड चालतात, हे कुणी सांगितलं? मिनीसिरीजला ठरलेला आकडा नाही. 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' (१९७३) सहा भागांची, 'रूट्स' (१९७७) सलग आठ रात्री दाखवलेली, 'चेर्नोबिल' (२०१९) पाचांत संपलेली, 'अ‍ॅडोलेसन्स' (२०२५) तर चारच एपिसोडची आणि त्यातला प्रत्येक एपिसोड एकाच सलग शॉटचा. आकडा बाहेरून आणायचा नसतो, तो गोष्टीतून मोजायचा असतो.

मोजायचा कसा? मी प्रत्येक एपिसोडसाठी एक कार्ड घेते आणि त्यावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहिते: या एपिसोडनंतर काय परत फिरवता येणार नाही? उत्तर सुचलं नाही तर तो एपिसोड नाही. ते फार तर दोन सीन असतील, शेजारच्या एपिसोडमध्ये ढकलायचे. माझ्या पहिल्या मालिकेची आठ कार्डं कपाटाच्या दारावर लावून तीन आठवडे बघत होते. एका सकाळी लक्षात आलं की चौथं आणि सहावं कार्ड एकच गोष्ट सांगतंय, फक्त सहाव्यात पाऊस पडतोय.

तुमच्या गोष्टीत मला अशी पाच वळणं दिसतात. तो नक्कल मागतो आणि ती म्हणते, 'रेकॉर्ड सापडायला चार दिवस लागतील.' हे खोटं ती खुर्चीत बसून, आपल्या सहीनिशी बोलली. गेलं. दुसऱ्यात ती वही उघडते. इतकी वर्षं तिने स्वतःला समजावलं होतं की 'बहुतेक' आपल्याला ऐकूच आला नसावा, आणि तो तिच्याच अक्षरात, स्वच्छ, समोर आहे. तिसऱ्यात कळतं की त्या माणसाचा संशय साक्षीदारावर आहे, लघुलेखिकेवर नाहीच. तो तिलाच म्हणतो, 'मला यातलं कळत नाही, माझ्यासोबत बसून वाचाल का?' चौथ्यात ती म्हाताऱ्या साक्षीदाराला गाठते आणि तो छातीठोकपणे सांगतो, 'मी "बहुतेक" म्हणालोच नव्हतो.' आता वहीवर विश्वास ठेवायचा की माणसावर? पाचव्यात निवृत्तीचा दिवस, कपाटाची किल्ली परत करायची वेळ. बस. पाच.

आणि तो खुला शेवट. खुला शेवट आणि न ठरलेला शेवट यात लेखक सर्रास गल्लत करतात, मीही केली आहे. ती वही त्याच्या हातात देते की नाही, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. माहीत असेल तर हात पुढे होण्याच्या एक क्षण आधी पडदा काळा करा, माझी हरकत नाही. पण माहीत नसेल तर दुसऱ्या एपिसोडपासूनच ती कुठे निघाली आहे ते कळत नाही. तुमच्या चार-पाच-सहामध्ये ती गोल गोल फिरते ती त्यामुळेच. पुढच्या पत्रात शेवटचं पान पाठवा. बाकी काही नको.

मी २४ वर्षांचा आहे. लिहिताना काही वाटत नाही, पण नॅरेशनला, म्हणजे निर्मात्यासमोर तोंडी गोष्ट सांगायला बसलो की घशाला कोरड पडते. पहिल्या दोन्ही वेळी मध्येच गोष्ट विसरलो. यावर काही उपाय?

तुला अरे-तुरे करते, चालेल ना? माझं पहिलं नॅरेशन सांगते, तुझी कोरड जरा कमी होईल.

बंद पडायला आलेल्या खाणीत सात कामगार अडकतात, अशी गोष्ट होती. टेबलापलीकडे तीन माणसं. मी खाण सुरू झाल्यापासून सुरुवात केली. कंपनीचा इतिहास सांगितला, जमिनीचे थर सांगितले, मुकादमाच्या बापाचीही गोष्ट सांगितली. चौदा मिनिटं झाली तरी एकही कामगार खाली उतरला नव्हता. मधल्या माणसाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, 'शेवटी काय होतं?' मी हसून म्हणाले, 'ते सर, तुम्ही पडद्यावरच बघा.' उत्सुकता ताणून धरली म्हणून मी मनातल्या मनात खूश. त्याने पेनाला टोपण लावलं. टोपणाचा तो 'टक' आवाज मला अजून ऐकू येतो.

त्याने टोपण का लावलं, ते मला सहा वर्षांनी कळलं. एका निर्मात्यासाठी आलेल्या गोष्टी ऐकायचं काम काही महिने माझ्याकडे होतं. एका दिवसात पाच गोष्टी ऐकायच्या आणि संध्याकाळी वरच्या माणसाला त्यातल्या बऱ्या वाटल्या त्या सांगायच्या. तो जिन्यात भेटायचा, कधी फोनवर असायचा, मला मिळायची फार तर दोन मिनिटं. ज्या गोष्टीचा शेवट मला सांगितलेला नसायचा, ती मी पुढे सांगूच शकत नव्हते. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टेबलापलीकडचा माणूस प्रेक्षक नसतोच. त्याला संध्याकाळी तुझी गोष्ट तुझ्याशिवाय सांगायची असते. तू त्याला गोष्ट शिकवायला गेला आहेस.

हे एकदा मनात बसलं की मांडणी आपोआप बदलते. बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. अडचणीत सापडलेल्या माणसापासून सुरुवात कर. नावं तीनच सांग, बाकीच्यांना 'बहीण', 'डॉक्टर', 'मुकादम' म्हण. अकरा नावं ऐकून समोरचा वहीत वंशावळ काढत बसतो आणि गोष्ट निसटते. पहिला एपिसोड तपशिलात सांग, जवळजवळ तिसरा हिस्सा वेळ त्यालाच दे. मधल्या एपिसोडांना दोन-तीन वाक्यं, प्रत्येक जिथे तुटतो तिथवर. शेवट सावकाश सांग, पूर्ण सांग.

पाठ फक्त चार वाक्यं करायची: पहिली दोन आणि शेवटची दोन. सगळं पाठ केलं की एक शब्द हरवला तरी गाडी रुळावरून घसरते, तुझं तेच झालं असणार. मध्ये विसरलास तर 'थांबा, एक महत्त्वाचं राहिलं' म्हणून मागे जा. कुणाला खटकत नाही. उलट माणूस गोष्ट आठवून सांगतोय, घोकून नाही, हे ऐकायला बरं वाटतं. कोरड पडते त्यासाठी पाण्याची बाटली आपली आपण न्यावी. मागायला संकोच वाटतो आणि नेमका तिथे आवाज जातो.

मग प्रश्न येतील. 'याचा सिनेमा का नाही?' याचं उत्तर घरूनच तयार करून ने. 'गोष्ट मोठी आहे' हे उत्तर नव्हे. दोन एपिसोडांच्या मधल्या रात्री प्रेक्षक डोक्यात काय घेऊन झोपेल, ते सांगता आलं पाहिजे. 'दुसरा सीझन निघेल का?' असं विचारलं की बऱ्याच जणांची जीभ घसरते, 'हो, हो, निघेल की!' मी म्हणते, 'नाही, ही इथे संपते.' एकदा त्यावर काम गेलं, एकदा त्यावरच मिळालं.

निघताना 'काही लिखित ठेवून जा' म्हणतील. अमेरिकेतल्या रायटर्स गिल्ड या लेखक संघटनेने याविरुद्ध 'नो रायटिंग लेफ्ट बिहाइंड' अशी मोहीमच काढली होती, कारण तोंडी बैठकीनंतर ठेवून आलेली पानं म्हणजे पैसे न घेता केलेलं लेखन. तत्त्व अगदी बरोबर आहे, पण नवख्या माणसाला ते शंभर टक्के पाळणं जमत नाही. माझा मध्यम मार्ग असा: ते एक पान ठेवायचं, बायबल नाही.

कल्पना चोरली तर? गोपनीयतेच्या करारावर सही घेतल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, असं ठरवलं आहे.

मग तोंड बंदच राहील. पहिल्याच भेटीत असा करार पुढे केला की बहुतेक निर्माते सही करत नाहीत. उलट काही ठिकाणी तुमच्याकडूनच सही घेतात, की आमच्याकडे आधीपासून याच्यासारखी गोष्ट असू शकते. त्याला रिलीज फॉर्म म्हणतात. घाबरू नका, पण वाचून सही करा.

कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, मांडणीला देतो. ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या नवव्या कलमात हे स्पष्ट लिहिलं आहे. 'खोटी साक्ष नोंदवणारी लघुलेखिका' कुणाचीही असू शकते, पण तुमचं लिहिलेलं बायबल आणि पटकथा तुमचीच. म्हणून बोलण्याआधी लिहा. लेखक संघटनेत नोंदणीची सोय असेल तर ती करा, प्रत्येक ड्राफ्टवर तारीख घाला, आणि भेटीनंतर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: 'आज आपण अमुक गोष्टीवर बोललो, सोबत एक पान जोडलं आहे.' वकिलाला पुढे काही करायचंच झालं तर तो आधी हाच मेल मागेल.

एका जुन्या कादंबरीवर मिनीसिरीज करायची आहे. लेखक हयात नाहीत, पुस्तक कुठेच मिळत नाही. म्हणजे हक्क मोकळे, बरोबर ना?

चूक. पुस्तक बाजारातून गेलं म्हणजे हक्क संपले असं होत नाही. कॉपीराइटच्या १८८६ सालच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात आज लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षांचं संरक्षण आहे, आणि अनेक देशांनी ते ६० किंवा ७० वर्षांपर्यंत वाढवलं आहे. तुम्ही अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचा हक्क आणखी वेगळा. तेव्हा आधी वारस शोधा, आणि प्रकाशकाकडचा मूळ करार बघता आला तर बघा. पडद्याचे हक्क कुणाकडे आहेत, ते त्यातच कळेल.

सगळे हक्क एकदम विकत घ्यायची गरज नसते. 'ऑप्शन' घेता येतो: थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीपुरते हक्क राखून ठेवायची सोय. मुदत बहुधा १२ ते १८ महिन्यांची असते. ती वाढवण्याचं कलम त्यातच घालून घ्या, आणि दिलेली रक्कम पुढच्या किमतीतून वजा होणार का, तेही लिहून घ्या. धीर मात्र हवा. 'द क्वीन्स गॅम्बिट' ही कादंबरी १९८३ची, मालिका आली २०२० मध्ये.

हक्क हातात येण्याआधी पटकथा लिहायला बसू नका. मी बसले होते. एक छोटी कादंबरी, चार महिने, पहिला एपिसोड लिहून तयार. मग वारसांना फोन केला. ते म्हणाले, 'फार छान, पण आम्ही मागच्या वर्षीच दुसऱ्यांना दिले.' माझ्या लिखाणातला सगळ्यात चांगला पहिला सीन त्या ड्राफ्टमध्ये आहे आणि तो मला कुणाला दाखवताही येत नाही.

खऱ्या घटनेवर लिहिणाऱ्या दोघांनीही पत्रं पाठवली आहेत, त्यांच्यासाठी एवढंच: घडलेल्या गोष्टीवर कुणाची मालकी नसते, पण त्यातली जिवंत माणसं बदनामीचा दावा लावू शकतात. नाव बदललं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर शेजारीपाजारीही ओळखतात आणि न्यायाधीशही.

एक पान पाठवून तीन महिने झाले. उत्तर नाही.

सहा आठवड्यांनी एक आठवण, त्यानंतर महिन्याने आणखी एक, मग दुसरं दार. तिसरी आठवण मी कधी पाठवत नाही.

निर्मात्याला गोष्ट आवडली! म्हणतात, सहाचे दहा एपिसोड कर आणि बायबल नव्याने लिहून दे, कराराचं नंतर बघू. काय करू?

अभिनंदन. या वाक्यात दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

दहाचं आधी. लगेच 'नाही' म्हणू नका. त्यांना प्रामाणिकपणे विचारा, 'वाढीव चार कशासाठी हवेत?' कधी उत्तर निव्वळ हिशेबाचं असतं, की एवढे सेट उभारायचे तर निदान इतके एपिसोड निघाले पाहिजेत. कधी मात्र त्यांना एखादं पात्र आणखी हवं असतं आणि त्यांचं खरंही असतं. कार्डं काढा, तोच प्रश्न विचारा. आणखी चार ठिकाणी परत न फिरवता येणारं काही घडत असेल तर दहा करा. घडत नसेल तर ते सहा ओळींत लेखी कळवा. पाणी घालून वाढवलेल्या गोष्टीचं खापर शेवटी लेखकावरच फुटतं, निर्मात्यावर नाही.

आता 'कराराचं नंतर बघू'. इथे माझा आवाज चढतो, सांभाळून घ्या. एका निर्मात्यासाठी मी ११ महिन्यांत पाच ड्राफ्ट लिहिले. करार नव्हता, होता फक्त एक मेल: 'आपण हे एकत्र करतोय!' उद्गारचिन्हासकट. त्या उद्गारचिन्हामुळे मी ती गोष्ट दुसऱ्या कुणाला दाखवली नाही. मग फोन उचलणं बंद झालं. नकारही आला नाही, कारण नकार द्यायला आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं.

म्हणून नव्याने लिहायला बसण्याआधी दोन पानांचा का होईना, कागद हवा. गोष्ट त्यांच्याकडे किती महिने राहील, त्या काळात तुम्हाला काय मिळेल, किती ड्राफ्ट द्यायचे, श्रेय कोणत्या शब्दांत येईल, आणि मालिका झाली नाही तर गोष्ट कधी आणि कशी तुमच्याकडे परत येईल. हे शेवटचं कलम नवीन लेखक विचारायलाच लाजतात. पैशांवर थोडं मागे-पुढे झालं तरी चालेल, या कलमावर अजिबात नाही. आणि तो कागद वकिलाला दाखवा, मला नको.

ताई, गेल्या अंकात तुम्ही त्या खाणीच्या गोष्टीचा उल्लेख केला होता. तिचं पुढे काय झालं? आणि खरं सांगा, तेव्हा तुम्हाला तरी शेवट माहीत होता का?

पकडलंत. नव्हता. 'पडद्यावर बघा' म्हणाले ती शुद्ध वेळ मारून नेली होती. शेवट सापडायला आणखी चार वर्षं लागली. त्यानंतर ती गोष्ट मी तीन ठिकाणी ऐकवली, एका ठिकाणी ऑप्शनही झाला, मुदत संपली, गोष्ट घरी परत आली. सध्या ती कपाटात आहे, बायबल नऊ पानांचं.

शेवट असा. हजेरीत सात नावं असतात, नवव्या दिवशी वर सहाच येतात. सातवा त्या दिवशी खाणीत उतरलाच नव्हता. त्याची हजेरी त्याच्या भावाने लावली होती, आणि तो भाऊ खाली अडकलेल्यांत होता. नऊ दिवस सातवा माणूस खाणीच्या तोंडाशी, गर्दीत, तोंडाला फडकं बांधून उभा असतो. खाली बचावाची माणसं त्याला शोधण्यात वेळ घालवत असतात. तो बोलला तर भावाची नोकरी जाणार, नाही बोलला तर कदाचित भाऊ जाणार. पाचव्या एपिसोडमध्ये तो फडकं सोडतो.